नाशिकरोडहून रात्रीचा रेल्वे प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोड हे रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वाटेवरचे स्टेशन आहे. गाडी मुंबईहून किंवा त्याही पलीकडून भरून येते, येथे दोन-चार मिनिटे थांबते आणि निघून जाते. आरक्षणाचे बहुतेक नियम मात्र गाडी जिथून सुटते त्या स्टेशनचे घड्याळ धरून चालतात. नाशिककरांना रात्रीच्या प्रवासात ज्या अडचणी येतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक या एका गोष्टीतून उगवतात, असे आमचे अनेक वर्षांच्या ये-जा करण्यातून झालेले मत आहे. म्हणून पुढील उत्तरे वाटेवरून चढणाऱ्या प्रवाशाच्या बाजूने लिहिली आहेत.

नाशिकहून रात्रीच्या गाड्या कोणकोणत्या दिशांना मिळतात?

मध्य रेल्वेचा मुंबई–भुसावळ हा मुख्य मार्ग नाशिकरोडवरून जातो, त्यामुळे उत्तर आणि पूर्व भारताकडे जाणाऱ्या गाड्यांची येथे वाण नाही. विदर्भ एक्स्प्रेस नागपूरमार्गे गोंदियाला जाते, हावडा मेल नागपूरमार्गे बंगालकडे, महानगरी वाराणसीला आणि पंजाब मेल दिल्लीमार्गे फिरोजपूरला. पंजाब मेल ही 1912 सालापासून धावणारी गाडी असून आरंभी ती थेट पेशावरपर्यंत जात असे. देवगिरी एक्स्प्रेस मनमाडला वळून छत्रपती संभाजीनगरमार्गे मराठवाड्याकडे आणि पुढे तेलंगणात जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हजरत निजामुद्दीनला जाणारी राजधानी जानेवारी 2019 पासून याच मार्गाने धावते आणि नाशिकरोडला थांबते. पंचवटी आणि तपोवन या नाशिककरांच्या जिव्हाळ्याच्या गाड्या असल्या तरी त्या दिवसाच्या, बसून जाण्याच्या गाड्या आहेत.

गाडी मध्यरात्रीनंतर येते. तिकीट कोणत्या तारखेचे काढावे आणि स्टेशनवर कोणत्या रात्री जावे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि सर्वांत महागात पडणारी चूकही येथेच होते. मुंबई ते नाशिकरोड हे अंतर सुमारे 188 किलोमीटर असून मेल-एक्स्प्रेसला त्यासाठी तीन ते साडेतीन तास लागतात. म्हणजे मुंबईहून शुक्रवारी रात्री साडेअकराला सुटलेली गाडी नाशिकरोडला पावणेतीनच्या सुमारास येते, आणि तोपर्यंत शनिवार लागलेला असतो. नाशिकरोडहून तिकीट काढताना त्यावर शनिवारची तारीख येईल आणि ती बरोबरच असेल. प्रवाशाने मात्र शुक्रवारी रात्री जेवण आटोपून स्टेशन गाठायचे आहे. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, रेल्वेचा दिवस शून्य वाजता सुरू होतो, आणि या दोन हिशेबांच्या फटीत दरवर्षी कितीतरी तिकिटे वाया जातात. आमच्याच घरातील एक जाणते गृहस्थ शनिवारचे तिकीट खिशात घालून शनिवारी रात्री सामानासह फलाटावर उभे राहिले होते; त्यांची गाडी त्यापूर्वी वीस-एकवीस तास आधीच गेलेली होती. तेव्हापासून आमच्या घरात तिकिटाच्या कागदावर पेनने ‘शुक्रवारची रात्र, शनिवारची पहाट’ असे दोन्ही वार लिहून ठेवण्याची पद्धत पडली. पद्धत बाळबोध आहे, पण पुन्हा कोणाची गाडी चुकलेली नाही.

याच गोष्टीचा दुसरा पदर तत्काळ तिकिटाचा आहे. तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी 10 वाजता आणि बिगरवातानुकूलित वर्गांसाठी 11 वाजता उघडते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हा ‘आदला दिवस’ गाडी आपल्या मूळ स्टेशनवरून ज्या तारखेला सुटते, तिच्या आदला असतो. वरील उदाहरणातील गाडी मुंबईहून शुक्रवारी सुटत असल्यामुळे तिचे तत्काळ गुरुवारी सकाळी उघडेल. तिकिटावरील शनिवार पाहून जो शुक्रवारी सकाळी बसेल, त्याला उरलेसुरले मिळेल. एर्नाकुळमहून निघून नाशिकरोडमार्गे निजामुद्दीनला जाणाऱ्या मंगला एक्स्प्रेससारख्या गाडीला तर हे अधिकच लागू होते, कारण ती नाशिकला पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच मूळ स्टेशनवरून निघालेली असते. नेहमीचे आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, आणि तेही याच पद्धतीने मूळ स्टेशनच्या तारखेपासून मोजले जाते.

जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले आणि पडताळलेले असणे आवश्यक झाले आहे. हे काम आयत्या वेळी, सकाळी दहाला पाच मिनिटे असताना करू नये.

नाशिकरोडहून वेटिंग दाखवते, पण मुंबईहून जागा दिसते. तिकीट मुंबईपासून काढून नाशिकरोडला चढता येईल का?

येईल, आणि ते पूर्णपणे नियमात बसते. गाडीतील सर्वांत मोठा साधारण कोटा मूळ स्टेशनवरून निघणाऱ्या प्रवाशांसाठी असतो, तर वाटेवरच्या स्टेशनांना अनेकदा छोटा, वेगळा कोटा वाट्याला येतो. त्याची प्रतीक्षा यादीही स्वतंत्र असते आणि ती सावकाश सरकते. म्हणून मुंबईपासूनचे तिकीट काढून ‘चढण्याचे स्टेशन’ नाशिकरोड असे नोंदवले तर जागा पक्की मिळण्याची शक्यता वाढते. भाडे अर्थातच मुंबईपासूनचे द्यावे लागते. लांबच्या प्रवासात हा फरक फार जाणवत नाही. भुसावळपर्यंतच जायचे असेल तर मात्र तो डोळ्यांत भरतो.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. चढण्याचे स्टेशन तिकीट काढतानाच नोंदवावे, किंवा नंतर बदलायचे असल्यास चार्ट, म्हणजे जागावाटपाची पक्की यादी, बनण्यापूर्वी बदलावे. आणि एकदा ते नाशिकरोड केले की मूळ स्टेशनवरून चढण्याचा हक्क राहत नाही. ही नोंद न करता जो मुंबईचे तिकीट घेऊन नाशिकरोडला चढतो, त्याचा बर्थ टीसीने रिकामा समजून आरएसीवाल्याला, म्हणजे अर्ध्या बर्थवर बसलेल्या प्रवाशाला, दिलेला असू शकतो, आणि त्या भांडणात चूक टीसीची नसते.

चार्ट कधी लागतो?

डिसेंबर 2025 च्या बदलानंतर पहिला चार्ट गाडी सुटण्यापूर्वी सुमारे दहा तास आधी तयार होतो. पहाटे 5 नंतर आणि दुपारी 2 पर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा आदल्या रात्री 8 पर्यंत होतो. हे तासही सामान्यतः मूळ स्टेशनवरून मोजले जातात. नाशिककराला याचा फायदाच आहे, कारण आपला वेटिंगचा निकाल आपल्याला गाडीत चढण्यापूर्वी मुंबईकरापेक्षा आणखी तीन-साडेतीन तास आधी कळलेला असतो.

वेटिंगचे तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढून टीसीशी बोलता येते का?

नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि ते घेऊन प्रवास करणे म्हणजे विनातिकीट प्रवास ठरतो. खिडकीवर काढलेल्या वेटिंग तिकिटावरही 1 मे 2025 पासून स्लीपर किंवा वातानुकूलित डब्यात बसता येत नाही. ते जनरल डब्यात चालते. ‘चढा, पुढे बघू’ हा जुना सल्ला आता कोणी दिला तर ऐकू नये.

आरएसी म्हणजे झोपायला मिळते की नाही?

आरएसी म्हणजे साइड लोअर बर्थ दोघांत वाटून बसण्याची हमी. गाडीत चढता येते, बसता येते. पूर्ण बर्थ मिळणे हे कोणी न आल्यास किंवा कोणी रद्द केल्यास घडते. रात्र दोन अनोळखी माणसांनी पाय आखडून काढायची असते, त्यामुळे आरएसीवर वृद्धांना पाठवू नये असे आम्ही सुचवू. वातानुकूलित वर्गातील आरएसी प्रवाशांना आता स्वतंत्र बेडरोल मिळतो. पूर्वी तो दोघांत एक असे आणि त्यावरून होणारे संवाद ऐकण्यासारखे असत.

स्लीपर, थर्ड एसी, सेकंड एसी यांपैकी काय निवडावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागते. झोपून प्रवास करण्याची सोय ही रेल्वेच्या इतिहासात दीर्घकाळ श्रीमंतांची गोष्ट होती. अमेरिकेत जॉर्ज पुलमन याने 1860 च्या दशकात गालिचे आणि पडदे लावलेले झोपण्याचे डबे चालवले, युरोपात जॉर्ज नागेलमाकर्स याच्या कंपनीने 1883 साली ओरिएंट एक्स्प्रेस सुरू केली, आणि दोघांचेही गिऱ्हाईक खिसा भरलेले होते. आपल्याकडे सामान्य माणसाला पाठ टेकायला मिळाली तरी ती लाकडी फळीवर. 1974 साली तिसरा वर्ग नावापुरता गेला, फळी राहिली. ती बदलली 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी. राजापूरहून निवडून आलेल्या या प्राध्यापकाने दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंचांची फोमची गादी बसवायला सुरुवात केली. त्यांच्याच काळात 26 डिसेंबर 1977 रोजी पहिला वर्ग नसलेली गीतांजली एक्स्प्रेस मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये सुरू झाली, आणि ती नाशिकवरूनच जाते. आजच्या स्लीपरमध्ये ज्याला आपण गृहीत धरतो ती गादी म्हणजे एका मंत्र्याचा निर्णय आहे, हे पाठ टेकताना आठवावे असे आम्हाला वाटते.

आता निवडीविषयी. स्लीपरच्या जुन्या निळ्या डब्यात 72 बर्थ असतात आणि नव्या, जर्मन बनावटीवरून घेतलेल्या एलएचबी डब्यात 80. उघड्या खिडक्या, पंखे, बेडरोल नाही. थर्ड एसीमध्ये रचना तशीच, एका कप्प्यात तीन मजले आणि बाजूला दोन. जुन्या डब्यात 64 आणि एलएचबीत 72 बर्थ. 2021 पासून आलेल्या थर्ड एसी इकॉनॉमीत मूळ रचनेनुसार 83 बर्थ आहेत, म्हणजे त्याच लांबीत आणखी माणसे. भाडे थोडे कमी, पाय लांब करायला जागाही थोडी कमी. सेकंड एसीमध्ये मधला बर्थ नसतो, त्यामुळे खालच्या बर्थवर रात्री ताठ बसता येते. फर्स्ट एसीत दोन किंवा चार बर्थची दार लागणारी खोली असते. तिचा क्रमांक तिकीट काढताना न मिळता चार्टच्या वेळी मिळतो.

आमचे मत विचाराल तर मध्यरात्रीनंतर नाशिकरोडला चढणाऱ्याने, परवडत असेल तर, स्लीपरपेक्षा थर्ड एसी घ्यावा. त्याचे मुख्य कारण गारवा नाही. सणासुदीला आणि लग्नसराईत स्लीपरच्या डब्यात बिगरआरक्षित माणसे दारापासून आत दाटलेली असतात, आणि दोन मिनिटांच्या थांब्यात सामानासह त्यांतून वाट काढून, अंधारात आपला बर्थ गाठून, त्यावरील माणसाला उठवणे हे काम सोपे नसते. हिवाळ्यातील नेहमीच्या दिवशी, एकटे आणि पाठीवर एकच पिशवी असताना, स्लीपरसारखा स्वस्त आणि मोकळा प्रवास दुसरा नाही.

बर्थचा क्रमांक पाहून तो वरचा की खालचा हे कसे ओळखावे?

स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये आठाचा पाढा चालतो. क्रमांकाला 8 ने भागून 1 किंवा 4 उरले तर खालचा बर्थ, 2 किंवा 5 उरले तर मधला, 3 किंवा 6 उरले तर वरचा, 7 उरले तर साइड लोअर आणि नि:शेष भाग गेला तर साइड अपर. उदाहरणार्थ 43 ला भागल्यावर 3 उरतात, म्हणून तो वरचा. सेकंड एसीमध्ये हाच हिशेब सहाच्या पाढ्याने करावा : 1 आणि 3 खालचे, 2 आणि 4 वरचे, 5 साइड लोअर, आणि भाग पूर्ण गेला की साइड अपर. थर्ड एसी इकॉनॉमीत आठाचा पाढा जसाच्या तसा लागू पडत नाही, तेथे तिकिटावर लिहिलेले पाहावे.

झोपेच्या दृष्टीने डब्याच्या मध्यभागातले, म्हणजे साधारण 25 ते 48 या क्रमांकांतले बर्थ चांगले. दोन्ही टोकांचे बर्थ चाकांच्या वर येतात, त्यामुळे दणके अधिक; शिवाय दार आणि संडास जवळ असल्यामुळे रात्रभर ये-जा आणि दाराची आदळआपट. साइड बर्थ आखूड असतो. सहा फुटांच्या माणसाने तो स्वीकारण्यापूर्वी विचार करावा.

रात्री चढल्यावर आपल्या बर्थवर कोणी झोपलेले असेल तर काय करावे?

हा वाटेवरून चढणाऱ्याच्या नशिबी हमखास येणारा प्रसंग आहे. झोपलेला माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो. कल्याणनंतर जागा रिकामी दिसली म्हणून त्याने अंग टाकलेले असते. आधी मोबाइलच्या उजेडात डब्याचा आणि बर्थचा क्रमांक स्वतः तपासावा, कारण चुकीच्या डब्यात चढून दुसऱ्याला उठवणारेही थोडे नाहीत. मग ‘काका, हा 28 नंबर आमचा आहे’ एवढे शांतपणे सांगावे. माणूस ऐकत नसेल तर टीसीची वाट पाहावी किंवा 139 या क्रमांकावर तक्रार करावी. अंधारात हमरीतुमरीवर येऊन सारा कप्पा जागा करण्यात काही साधत नाही.

मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघडून झोपता येतो. त्या आधी आणि नंतर खालच्या प्रवाशाला बसण्याचा हक्क आहे. हीच वेळ साइड लोअर आणि साइड अपर यांच्या वाटणीलाही लागू आहे. रात्री 10 नंतर टीसीने झोपलेल्या प्रवाशाला तिकिटासाठी उठवू नये असा नियम आहे, पण तो 10 नंतर गाडीत चढणाऱ्यांना लागू होत नाही. नाशिकरोडला पावणेतीनला चढणाऱ्याने टीसी येऊन जाईपर्यंत तिकीट आणि मूळ ओळखपत्र हाताशी ठेवावे, आणि मगच पांघरूण ओढावे.

दिवे, बोलणे आणि मोबाइल यांविषयी काय नियम आहेत?

रात्री 10 नंतर मंद दिवा सोडून इतर दिवे बंद करायचे असतात, आणि मोठ्याने बोलणे किंवा इअरफोनशिवाय गाणी लावणे यांस मनाई आहे. आगीचा धोका टाळण्यासाठी अनेक गाड्यांत रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात चार्जिंगची सॉकेट बंद ठेवतात, म्हणून मोबाइल घरूनच भरून न्यावा. ज्याच्या मोबाइलमध्येच तिकीट आहे त्याने तर नक्कीच.

पांघरूण न्यावे लागते का?

वातानुकूलित वर्गांत दोन चादरी, उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल मिळतो. स्लीपरमध्ये काहीही मिळत नाही. आणि येथे आपल्या जिल्ह्याच्या हवेचा विचार करावा लागतो. निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि गाडी त्याच निफाड, लासलगाव, मनमाडच्या पट्ट्यातून मध्यरात्री धावत असते. स्लीपरची खिडकी पूर्ण बंद केली तरी फटीतून येणारा वारा साइड लोअरवरच्या माणसाला पहाटेपर्यंत जागा ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत एक सोलापुरी चादर पुरत नाही; कानटोपी आणि घोंगडी किंवा जाड शाल न्यावी. उन्हाळ्यात नेमके उलटे : खानदेशात शिरल्यावर रात्रीही झळा लागतात, आणि पाण्याच्या दोन बाटल्या कमी पडतात.

ज्येष्ठ नागरिक, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काय सोयी आहेत?

60 वर्षांवरील पुरुष, 45 वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखलेले असतात. आरक्षण करताना वय बरोबर भरले तर संगणक ते शिल्लक असतील तोवर आपोआप देतो. मोठ्या कुटुंबाचे एकच तिकीट काढले की ही सोय अनेकदा निसटते, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढणे श्रेयस्कर. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये स्थगित झाल्यापासून मिळत नाही.

पाच वर्षांखालील मुलाला बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. 5 ते 12 वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे, नको असल्यास अर्धे. रात्रीच्या प्रवासात हे अर्धे भाडे वाचवणे म्हणजे दहा वर्षांच्या मुलासह एका बर्थवर झोपणे आहे, हे लक्षात घेऊनच ठरवावे.

एकट्या स्त्रीने रात्रीचा प्रवास करताना काय पाहावे?

स्लीपर वर्गात स्त्रियांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो, तो आरक्षण करताना निवडता येतो. शक्य असल्यास वरचा बर्थ घ्यावा. रात्री तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा स्पर्श आणि नजर दोन्ही पोहोचत नाही, असे नेहमी प्रवास करणाऱ्या स्त्रिया सांगतात. रेल्वे सुरक्षा बलाचे ‘मेरी सहेली’ पथक अनेक गाड्यांत एकट्या स्त्रियांची विचारपूस करते. कायद्यातील एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते : एकट्या स्त्रीला किंवा बालकाला तिकीट नाही या कारणावरूनही वाटेल तेथे, रात्री, गाडीतून उतरवता येत नाही. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 139 प्रमाणे ते केवळ प्रवास जेथे सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे मुख्यालय येथेच, आणि तेही दिवसा करता येते. मदतीसाठी दूरध्वनीचा क्रमांकही योगायोगाने 139 हाच आहे.

सामान किती नेता येते आणि ते कसे सांभाळावे?

स्लीपर आणि थर्ड एसीत प्रत्येकी 40 किलो, सेकंड एसीत 50 किलो आणि फर्स्ट एसीत 70 किलो सामान विनामूल्य नेता येते. खालच्या बर्थच्या तळाशी साखळी अडकवण्यासाठी कड्या असतात, त्यांचा उपयोग करावा. साखळी आणि कुलूप घरून न्यावे. पैसे, दागिने आणि मोबाइल उशाखाली ठेवण्यापेक्षा अंगावर ठेवावेत, कारण चोर उशाशीच प्रथम हात घालतो. खिडकीजवळ डोके करून झोपणाऱ्याने गळ्यातील साखळी आत घ्यावी. गाडी सिग्नलला थांबली की बाहेरून हात येतो. चोरी झाल्यास गाडी सोडून उतरण्याची गरज नाही. टीसी किंवा गाडीतील पोलिसांकडे तक्रारीचा अर्ज भरून देता येतो आणि प्रवास सुरू ठेवता येतो.

परत येताना झोप लागून नाशिकरोड निघून गेले तर?

मुंबईहून येणाऱ्याला निसर्ग थोडी मदत करतो. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट 1865 साली रेल्वेसाठी खुला झाला. त्याचा चढ 37 फुटांना 1 फूट इतका तीव्र असल्यामुळे बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिन जोडावे लागते, ज्याला बँकर म्हणतात. ते जोडताना बसणारा हलकासा धक्का, त्यानंतरचे बोगदे आणि इगतपुरीचा गारठा या खुणा ओळखीच्या झाल्या की झोपेतही कळते, आणि इगतपुरीनंतर नाशिकरोड सुमारे 50 किलोमीटरवर असते. राजधानीला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे इंजिने असल्याने तिला बँकरसाठी थांबावे लागत नाही. तिच्यात ही खूण मिळत नाही.

भुसावळकडून येणाऱ्याला असा सूचक कोणी नाही. मनमाड सुटल्यावर साधारण तासाभरात नाशिकरोड येते, म्हणून गजर मनमाडच्या वेळेचा लावावा. प्रवासी डोळे उघडतो तेव्हा बाहेर बोगदे दिसू लागले असतील, तर गाडी घाट उतरते आहे आणि नाशिक कधीच मागे पडले आहे, असे समजावे. घड्याळाच्या गजरावर सर्वस्वी विसंबू नये, कारण गाडीला उशीर झाला असेल तर माणूस उगाच जागा राहतो. त्यापेक्षा स्थान पाहून वाजणारा मोबाइलमधील गजर किंवा 139 वरील स्टेशन येण्यापूर्वी फोन करून उठवण्याची सोय वापरावी. शेजारच्या बर्थवरचा कोणी नाशिकरोडलाच उतरणारा असेल तर त्याला सांगून ठेवणे हा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

गाडी फार उशिरा धावत असेल तर पैसे परत मिळतात का?

आपण जेथून चढणार त्या स्टेशनवर गाडी 3 तासांहून अधिक उशिरा येत असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी ऑनलाइन तिकिटाचा टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, गाडी आपल्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी भरावा लागतो, आणि खिडकीचे तिकीट त्याच मुदतीत खिडकीवर परत द्यावे लागते. गाडी निघून गेल्यावर केलेला अर्ज उपयोगी पडत नाही. गाडी कोठे आहे हे घरातूनच पाहून मग रिक्षा बोलवावी. थंडीत फलाटावर चार तास काढण्यात शौर्य नाही.

जेवणाचे काय?

घरून न्यावे. नेता आले नाही तर आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवर किंवा 1323 वर पुढच्या मोठ्या स्टेशनसाठी मागणी नोंदवता येते. रात्री बारानंतर चढणाऱ्याने जेवूनच निघावे.

पहाटे तीनला नाशिकरोडला उतरल्यावर शहरात कसे जावे?

मध्यवर्ती बसस्थानक किंवा पंचवटीचा भाग नाशिकरोड स्टेशनपासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे अंतर तोडण्यासाठी घोड्यांची ट्राम होती. आज त्या वेळेला रिक्षा किंवा मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी एवढेच पर्याय उरतात. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. एकटे असाल, किंवा बरोबर वृद्ध असतील, तर प्रतीक्षागृहात उजाडेपर्यंत बसून पहिल्या सिटीलिंक बसने जाणे बरे. त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या पाहुण्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण त्र्यंबक शहरापासून आणखी सुमारे 28 किलोमीटर आहे. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास ही सारी गणिते बदलतील, तेव्हा त्या दिवसांचे आरक्षण 60 दिवस आधी, पहिल्याच सकाळी करावे.

नाशिकहून पुण्याला रात्रीची झोपून जाण्याची गाडी आहे का?

नाशिक आणि पुणे यांना थेट जोडणारा लोहमार्ग नाही. रेल्वेने जायचे तर कल्याणवरून किंवा मनमाड-दौंडवरून वळसा घालावा लागतो, आणि सुमारे 210 किलोमीटरच्या रस्त्यासाठी तो वळसा परवडत नाही. पुण्यासाठी बसच धरावी.